गॅरेजला न येणारी गाडी

(प्रस्तावना)

मार्च २००६मध्ये मंगळावरच्या ‘स्पिरिट’ या रोव्हरचे पुढचे उजवे चाक फिरायचे थांबले. गाडीला सहा चाके, त्यातले एक बंद. मंगळावरचा हिवाळा तोंडावर आलेला, सौरपट्ट्यांवर पडणारे ऊन रोज कमी होत चाललेले आणि त्या चाकाला हात लावू शकेल असा माणूस कोट्यवधी किलोमीटर दूर. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या, म्हणजे जेपीएलच्या, चालकांनी मग गाडीचे तोंड फिरवले आणि बंद चाक मागे ओढत ती रिव्हर्समध्ये चालवायला सुरुवात केली. वर्षभराने, २००७मध्ये, त्या ओढत्या चाकाने पाडलेल्या चरात खालची पांढरी माती उघडी पडली. तपासली तेव्हा तिच्यात सुमारे नव्वद टक्के सिलिका निघाली. एवढी शुद्ध सिलिका साठायला गरम पाणी किंवा ज्वालामुखीतून येणारी वाफ लागते. मंगळावर असे गरम झरे किंवा वाफेची धुराडी होती, याचा इतका ठळक पुरावा तोपर्यंत मिळाला नव्हता. चाक धडधाकट असते, तर त्या मातीवरून फिरून गाडी पुढे निघून गेली असती.

पुण्याशेजारच्या काळेवाडी, थेरगाव, पिंपरी या भागात ही हकिकत सांगितली की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, मोटर कशाने गेली? बेअरिंग धरले की वाइंडिंग जळाले? हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की या पुस्तकाची सुरुवात त्यातूनच झाली असे म्हटले पाहिजे. (जेपीएलच्या अभियंत्यांचे अनुमान असे होते की मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ब्रशचा संपर्क तुटला असावा.) मंगळावर जीवसृष्टी होती का, हा प्रश्न मोठाच आहे, त्याला पुस्तकात जागाही आहे. पण मोटर कशाने गेली, हा प्रश्नही तेवढाच खोल आहे आणि मराठीतल्या अंतराळविषयक लेखनात त्याला फारशी जागा मिळालेली नाही. आपल्याकडे यान उडते, महिनोन्‌महिने प्रवास करते, उतरते, टाळ्या वाजतात आणि लेख संपतो. रोव्हरची गोष्ट तर त्यानंतर सुरू होते. उतरल्यावर ती एक गाडी असते. खड्ड्यातून, वाळूतून, अणकुचीदार दगडांवरून तिला वर्षानुवर्षे चालायचे असते आणि ती कधीही गॅरेजला येणार नसते.

मी आयुष्यभर या पट्ट्यात गाड्यांच्या चाचणीचे काम केले. काळेवाडी फाट्यावर पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या माणसांमध्ये चाकाची चाल, गिअरचा आवाज, ग्रीसचा वास यांवरून दोष ओळखणारी माणसे आहेत. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली आणि नंतर चाकण उभे राहिले. तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांचे हे ज्ञान पवना नदीच्या दोन्ही काठांवर साठले आहे. दुसऱ्या ग्रहावर चालणारी गाडी समजून घ्यायला याहून योग्य वाचक कुठे मिळेल, असे मला वाटत नाही. हे पुस्तक त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी लिहिले आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. तपशील पहिल्या प्रकरणात आहेत. परक्या जमिनीवर दुरून चालवलेली पहिली गाडी सोव्हिएत संघाची ‘लुनोखोद-१’, चंद्रावर, नोव्हेंबर १९७०. मंगळावर सुखरूप उतरलेली पहिली गाडीही सोव्हिएतच होती, पण तिचे नाव फार थोड्यांना माहीत असते. ‘मार्स-३’ या यानासोबत डिसेंबर १९७१मध्ये गेलेली ‘प्रॉप-एम’ ही साडेचार किलोची, केबलने यानाला बांधलेली आणि पट्ट्यांवर पावले टाकत चालणारी पेटी होती. यानाचा संदेश उतरल्यावर दोन मिनिटांच्या आत बंद पडला आणि ती पेटी पाऊलभरही चालली की नाही हे कळले नाही. त्यानंतर ४ जुलै १९९७ला ‘सोजर्नर’, जानेवारी २००४मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’, ऑगस्ट २०१२मध्ये ‘क्युरिऑसिटी’, फेब्रुवारी २०२१मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ आणि त्याच वर्षी मे महिन्यात चीनची ‘झुरोंग’. सोजर्नर जेमतेम साडेदहा किलोची होती, पर्सिव्हिअरन्स एक टनाहून जड आहे. ऑपॉर्च्युनिटी नव्वद मंगळदिवसांसाठी बनवली होती. ती जून २०१८च्या धुळीच्या वादळापर्यंत टिकली आणि ४५ किलोमीटरपेक्षा थोडे अधिक चालली, म्हणजे काळेवाडीहून चाकणला जाऊन परत येण्याइतके साधारण अंतर, चौदा वर्षांत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे, सस्पेन्शनकडे येतो. या गाड्यांना स्प्रिंग नाही, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाही. जेपीएलच्या डोनाल्ड बिकलर यांनी १९८०च्या दशकात ‘रॉकर-बोगी’ ही रचना केली. सोजर्नरपासून पर्सिव्हिअरन्सपर्यंत नासाच्या सगळ्या मंगळगाड्या तिच्यावरच चालल्या. दोन्ही बाजूंना एकेक मोठा हात असतो, तो रॉकर. स्पिरिट आणि तिच्यानंतरच्या गाड्यांत त्याच्या पुढच्या टोकाला एक चाक आणि मागच्या टोकाला एक छोटा हात, बोगी, मोकळ्या सांध्यावर बसवलेला. बोगीच्या दोन टोकांना उरलेली दोन चाके. डावा आणि उजवा रॉकर एकमेकांना एका डिफरन्शियलने जोडलेले असतात. तराजूच्या दांडीसारखे ते काम करते. एक बाजू वर गेली की दुसरी तेवढीच खाली जाते आणि मधल्या पेटीला, जिच्यात संगणक आणि उपकरणे असतात, दोन्हींच्या सरासरीएवढाच कल मिळतो.

स्प्रिंग का टाळली? आपल्या गाडीचे एक चाक दगडावर चढले की तिथली स्प्रिंग दाबली जाते, त्या चाकावर जास्त भार येतो आणि बाकीच्यांवरचा कमी होतो. भार कमी झाला की पकड सुटते. हमरस्त्यावर हे चालते, कारण तिथे आपल्याला वेगात बसणारे धक्के शोषायचे असतात. सेकंदाला चार-पाच सेंटिमीटर चालणाऱ्या गाडीला धक्क्यांची चिंता नाही. तिला चिंता आहे ती सहाही चाके सतत जमिनीला टेकून राहण्याची आणि त्यांच्यावर जवळपास सारखा भार राहण्याची. मोकळे सांधे हे काम स्प्रिंगपेक्षा चांगले करतात. त्यामुळे चाकाच्या व्यासाएवढा धोंडाही ही गाडी चढून जाते. प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर आहे आणि चारही कोपऱ्यांतली चाके वळतात, म्हणून ती जागच्या जागी गोल फिरू शकते. दुसऱ्या प्रकरणात या रचनेची मापे दिली आहेत. ज्याच्याकडे वेल्डिंग मशीन आणि थोडा पाइप आहे, त्याने ती करून पाहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

क्युरिऑसिटीच्या चाकांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते सर्वांत लांब झाले आहे. ते मुद्दामच तसे ठेवले. चाकाचा व्यास पन्नास सेंटिमीटर, रुंदी चाळीस, प्रत्येक चाक अ‍ॅल्युमिनियमच्या एका अखंड ठोकळ्यातून यंत्रावर कोरून काढलेले. दात्यांमधल्या पृष्ठभागाची जाडी पाऊण मिलिमीटर. चाकणच्या प्रेस शॉपमधून निघणाऱ्या कारच्या दरवाजाचा बाहेरचा पत्रा साधारण याच जाडीचा असतो. जवळपास नऊशे किलोची गाडी एवढ्या पातळ कातडीवर का ठेवली, असा प्रश्न इथला कोणीही विचारेल. उत्तर असे की ती उतरताना दोरांना लटकून, चाकांवरच उतरणार होती. चाकांचे वजन ग्रॅमाग्रॅमाने मोजलेले होते आणि वजन वाढवायला वाव नव्हता. २०१३मध्ये छायाचित्रांत भोके दिसू लागली. गेल विवरातल्या त्या भागात जमिनीत घट्ट रुतलेले, वारा-वाळूने धार आलेले दगड होते. सैल दगड चाकाखाली सरकतो, हे सरकत नव्हते. शिवाय मागची चाके पुढच्यांना ढकलत होती, त्यामुळे दगडाचे टोक पत्र्यात घुसत होते.

पुढे जे झाले ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. चाक बदलता येणार नव्हते. म्हणून जेपीएलने चाचणीच्या अंगणात तशीच चाके तशाच दगडांवर फाटेपर्यंत चालवली, किती भोकांनंतर दाते तुटू लागतात ते मोजले, उपग्रहचित्रांवरून मऊ वाटा शोधल्या, काही टप्पे गाडी उलटी चालवली आणि २०१७मध्ये नवी आज्ञावली पाठवली. प्रत्येक चाकाचा वेग खालच्या दगडानुसार वेगळा ठेवायचा, म्हणजे चाके एकमेकांना ढकलणार नाहीत. हार्डवेअरमधला दोष सॉफ्टवेअरने सांभाळायचा, तोही ज्या गाडीला पुन्हा कधी हात लागणार नाही तिच्यात. आणि मग पुढच्या गाडीचे ड्रॉइंग बदलायचे. पर्सिव्हिअरन्सच्या चाकाचा पृष्ठभाग जवळपास दुप्पट जाड आहे, व्यास थोडा मोठा, रुंदी कमी आणि चोवीस कोनदार दात्यांच्या जागी अठ्ठेचाळीस हलके वळणदार दाते. या दोन चाकांची चित्रे शेजारी शेजारी छापली आहेत. त्या दोन चित्रांमध्ये आठ-नऊ वर्षांचे शिकणे आहे आणि ते शिकणे कोणीही लपवून ठेवले नाही.

या गाड्या कोणी बसून जॉयस्टिकने चालवत नाही. मंगळापर्यंत रेडिओ संदेश पोचायला अंतरानुसार तीनपासून बावीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो. समोर खड्डा दिसला म्हणून ब्रेक दाबावा, तर गाडी केव्हाच त्यात गेलेली असेल. म्हणून मंगळावरच्या सकाळी दिवसभराच्या आज्ञा एकदम पाठवतात आणि संध्याकाळी गाडी कुठे पोचली ते पाहतात. मंगळाचा दिवस चोवीस तास एकोणचाळीस मिनिटे आणि काही सेकंदांचा. उतरल्यानंतरचे पहिले काही महिने पृथ्वीवरची माणसे त्याच घड्याळावर कामाला येतात आणि त्यांची शिफ्ट रोज चाळीस मिनिटांनी पुढे सरकते. शिफ्ट बदलली की घरातले जेवण, झोप, मुलांची शाळा सगळे कसे हलते, हे काळेवाडीतल्या घरांना वेगळे सांगायला नको.

एप्रिल २००५मध्ये ऑपॉर्च्युनिटी अशीच आधी दिलेल्या आज्ञेवर चालत असताना वाळूच्या एका बुटक्या लाटेत रुतली. चाके फिरत राहिली, गाडीला वाटले आपण पुढे जातो आहोत. तिला बाहेर काढायला पाच आठवडे लागले. सपाट जमिनीवर १९२ मीटर जाता आले असते एवढी चाके त्या काळात फिरली आणि गाडी दोन मीटरसुद्धा सरकली नव्हती, तेव्हा ती सुटली. त्यानंतर फिरलेले चाक आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर यांची तुलना छायाचित्रांवरून करत राहायची आणि घसरण वाढली की स्वतःच थांबायचे, ही खबरदारी अधिक कडक झाली.

आता चाकणहून नाशिक रस्त्याने वर जाऊ. नारायणगावला पूर्वेकडे वळले की खोडद येते. तिथे गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. त्यामुळे वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका व स्वस्त होतो. गाव-शेतांच्या मधोमध असलेल्या या दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ला मंगळावर उतरणाऱ्या एका यानाचा आवाज थेट ऐकला.

ते यान होते युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘स्कियापरेल्ली’. त्याच्या पोटात गाडी नव्हती. पुढे येणाऱ्या गाडीला मंगळावर सुखरूप कसे उतरवायचे याची ती तालीम होती. मंगळ तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवर होता, संदेशाला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती आणि यानाचा प्रेषक हा मुळात जवळून फिरणाऱ्या उपग्रहाशी बोलण्यासाठी बनवलेला, अगदी कमी ताकदीचा. तो क्षीण सूर खोडदच्या तबकड्यांनी पकडला. यान वातावरणात शिरले, वेग कमी होऊ लागला तशी सुराची वारंवारता सरकू लागली, हवाईछत्री उघडली. आणि उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी सूर थांबला.

कारण नंतर कळले. छत्री उघडल्यावर यान इतक्या जोरात हेलकावले की त्याचे फिरणे मोजणाऱ्या उपकरणाची मर्यादा सुमारे एक सेकंदभर ओलांडली गेली. त्या चुकीच्या मापावरून संगणकाने उंचीचे गणित केले आणि उत्तर शून्याखाली आले. आपण जमिनीवर पोचलो, असे समजून त्याने छत्री सोडून दिली आणि ब्रेक लावणारी इंजिने तीनच सेकंद चालवली. प्रत्यक्षात यान पावणेचार किलोमीटर उंचीवर होते. ज्यांनी कधी सेन्सर सॅच्युरेट झालेला पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट पुन्हा समजावून सांगावी लागत नाही. यान जिथे पडले त्या मेरिडियानी पठारावरच ऑपॉर्च्युनिटी तेव्हा फिरत होती आणि तिनेही आकाशाकडे कॅमेरा वळवून ते टिपण्याचा प्रयत्न केला होता.

खोडदचे प्रकरण लिहिताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. एवढे मंद आवाज ऐकणाऱ्या दुर्बिणीला आसपास शांतता लागते. मोटारीचे स्पार्क प्लग, वेल्डिंग, मोबाइलचे मनोरे, कारखान्यांची विद्युत यंत्रे, सगळे तिच्या कानात गोंगाट करतात. म्हणून तिच्या परिसरात उद्योगांना परवानगीची अट आहे आणि पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही हा प्रश्न आला. चाकणपुढे कारखाने वाढत जावेत असे वाटणारी माणसे आमचीच आहेत आणि त्यांची गरज खरी आहे. तरीही मी म्हणेन की ही शांतता राखली पाहिजे. कारखान्याला दुसरी जागा मिळते, ही दुर्बीण उचलून नेता येत नाही.

वाचकाला आश्चर्य वाटेल अशी मंगळाशी दुसरी जवळीक पायाखाली आहे. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे. स्पिरिट गुसेव्ह विवरात उतरली तेव्हा तिने तपासलेले दगड बेसाल्टचेच निघाले. पवनेच्या पात्रात उघडा पडणारा, इमारतीच्या पायासाठी खणताना ब्रेकरला दाद न देणारा आपला काळा कातळही बेसाल्टच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर तर याच कातळावर अशनी आदळून झालेले, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर. बेसाल्टमधली अशी ठसठशीत आघातविवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणूनच मंगळाचा अभ्यास करणारे लोणारला येतात. आघाताच्या दाबाने खनिजांचे काय होते, पाणी साठल्यावर त्यातून कोणती माती बनते, हे तिथे हातात घेऊन पाहता येते. मंगळावर तेच शोधण्यासाठी एक टनाची गाडी पाठवावी लागली.

भारताची स्वतःची गाडी अजून मंगळावर गेलेली नाही. चंद्रावर गेली. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ‘विक्रम’ हे यान उतरले आणि काही तासांनी सव्वीस किलोची, सहा चाकांची ‘प्रज्ञान’ उतारावरून खाली आली. तिचीही रचना रॉकर-बोगीची, वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. चार दिवसांनी तिच्यासमोर चार मीटर रुंदीचा खड्डा आला, तेव्हा ती त्याच्यापासून तीन मीटरवर होती. तिला मागे घेऊन वाट बदलली. चंद्रावरच्या एका दिवसाचा उजेड, म्हणजे आपले साधारण चौदा दिवस, एवढेच आयुष्य धरून बनवलेल्या या गाडीने शंभर मीटरहून जास्त अंतर कापले आणि दक्षिण ध्रुवाकडच्या भागातल्या मातीत गंधक असल्याची खात्री दिली. तिच्या चाचणीसाठी इस्रोने तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातल्या खडकाचा चुरा वापरला, कारण चंद्राच्या उंच भागांतली माती त्या खडकाशी जुळते. प्रज्ञानला वर नेणाऱ्या रॉकेटच्या दोन मोठ्या घन इंधनाच्या बूस्टरांची कवचे ज्या कारखान्यांत बनतात, त्यांत आपल्या पुणे जिल्ह्यातले, इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आहे. साखर कारखान्याची यंत्रे करणाऱ्या गावाने अंतराळाची कवचे वळावीत, हे मला फार अभिमानाचे वाटते. पुढे जपानसोबतची एक मोहीम ठरली आहे आणि तिची गाडी प्रज्ञानच्या कितीतरी पट मोठी असेल.

मुलांसाठी एक प्रकरण आहे. अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात २००७पासून विद्यार्थ्यांच्या रोव्हरची स्पर्धा भरते. गाडी पन्नास किलोच्या आत बसवायची, चालक आडोशाला बसणार, त्याला गाडी थेट दिसणार नाही, फक्त कॅमेऱ्यातून. मुंबई आयआयटीचा संघ तिथे जातो आणि भारतातले इतरही अनेक. निगडी, आकुर्डी, पिंपरीच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे की सुटे भाग बाहेरून मागवण्याआधी भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग घेऊन जा. तिथला टर्नर टॉलरन्स पाहील आणि हा फिट बसणार नाही, असे तोंडावर सांगेल. तसे सांगणारा माणूस जेपीएलच्या प्रत्येक गाडीमागे होता.

टूलरूममध्ये काम करणाऱ्यांनी चाकांचे प्रकरण आधी वाचावे, मग मागे यावे. ज्यांना भूशास्त्राची ओढ आहे त्यांनी लोणारपासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. शेवटच्या प्रकरणात पर्सिव्हिअरन्सने जेझेरो विवरातल्या एका ठिपकेदार खडकातून जुलै २०२४मध्ये काढलेल्या नमुन्याविषयी लिहिले आहे. प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असू शकतील असे त्यात काही आहे, एवढेच आज म्हणता येते. तो नमुना नळीत बंद आहे आणि तो पृथ्वीवर कसा आणायचा हे अजून ठरायचे आहे. स्कियापरेल्लीने जिच्यासाठी तालीम केली ती युरोपची गाडी, ‘रोझालिंड फ्रँकलिन’, अनेकदा लांबणीवर पडून आता २०२८मध्ये निघायची आहे. ती जमिनीत दोन मीटर खोल छिद्र घेईल आणि रुतली तर चाके पावलांसारखी एकेक उचलून पुढे टाकेल. हे चाकांनी चालणे कसे जमते त्याची आकृती पान भरून दिली आहे. तिच्या मोटरांविषयी मला जेवढे समजले तेवढे लिहिले. पुढच्या आवृत्तीत ते वाढवायचे आहे आणि त्यासाठी मोटर वाइंडिंगचे काम करणाऱ्यांचे प्रश्न माझ्यापर्यंत आले तर हवेच आहेत.